वारा मागून येतो

घोडेगावला उघड्या गाडीचं अप्रूप नाही. मंचरला पुणे-नाशिक रस्ता सोडला की पश्चिमेचा फाटा घोडेगावात येतो आणि पुढे शिनोली, डिंभे, पोखरीचा घाट, तळेघर करत भीमाशंकरला चढतो. एसटी चुकलेली माणसं, बाजाराची पोती, शाळेची पोरं, देवाला निघालेली मंडळी या सगळ्यांना या वाटेवर वर्षानुवर्षं जीपने वाहून नेलं. वर ताडपत्रीचं हूड, मागचा पडदा गुंडाळलेला, दोन्ही बाजू मोकळ्या. वारा लागतो म्हणून त्या जीपमधून कोणी उतरलं नाही.

आता त्याच रस्त्यावरून दुमडत्या कापडी टपाची थार जाते. २ ऑक्टोबर २०२० ला ही नवी थार बाजारात आली आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी भीमाशंकरच्या वाटेवर अशा गाड्या दिसू लागल्या. घोडेगावच्या एका मुलीनेही तशीच गाडी घेतली आहे. ती चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे, सुट्टीला गावी येते. पुढच्या सीटच्या मागे वारा अडवणारी जाळी बसवायचं तिने ठरवलं होतं. बाजारात तिला विंड डिफ्लेक्टर म्हणतात. तिच्या मामांना हे खूळ वाटत होतं. मामांनी उमेदीची वर्षं याच रस्त्यावर वडापची जीप चालवली, आता शेती बघतात. दोघांचा वाद मी समोर बसून ऐकला, पुढे त्यांच्याबरोबर गाडीतही बसलो. उघड्या टपाची गाडी घेणाऱ्याला त्यातलं बरंच उपयोगी पडेल असं मला वाटतं.

मामांनी थेट मुळालाच हात घातला. "उघडी गाडी घ्यायची कशासाठी? वाऱ्यासाठी. मग तोच वारा अडवायला परत पैसे घालायचे, हे कुठलं शहाणपण?"

"सगळा वारा नाही अडवायचा, मामा. डोक्यावरून जातो तो जाऊ दे की. मानेवर येतो तो नकोय मला."

"मानेवर येईलच कसा? तू पुढे तोंड करून चाललीस, म्हणजे वारा समोरून. समोर काच आहे."

"समोरचा वारा काचेवर आपटतो, वर चढतो आणि टपाच्या मोकळ्या जागेवरून मागे निघून जातो. पण काचेच्या आडोशाला हवेचा दाब कमी होतो. ती जागा भरायला मागच्या सीटवरचा वारा उलटा वळतो आणि दोन सीटच्या मधल्या फटीतून, कडेने पुढे घुसतो. थेट मानेवर आणि कानात. राजगुरुनगरपासून मंचरपर्यंत ऐंशीने आलं की घरी येईपर्यंत मान आखडते. आई शेजारी असली तर दोघी ओरडून बोलतो."

"मग ऐंशीने कशाला येतेस? साठने ये."

मामांचं हे वाक्य सहज उडवून लावण्यासारखं नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ऐंशीवरून साठवर आलं तर तो जवळपास निम्म्यावर येतो, आणि तेही एक पैसा खर्च न करता. वडापच्या जीपमध्ये तक्रार का नव्हती, याचंही अर्धं उत्तर इथेच आहे. माणसांनी भरलेली जीप घाटरस्त्याला चाळीसच्या पुढे फारशी जातच नव्हती. डिंभ्याच्या पुढे आजही तीच गत आहे. वळणं आणि चढ असताना वेग कुठून येणार? म्हणजे भीमाशंकरच्या वाटेपुरता विचार केला तर मामा बरोबर होते आणि वाद तिथेच संपला असता.

पण भाचीचा अर्धा प्रवास हायवेचा. "साठने चालवून बघितलं मी. फरक पडतो, नाही असं नाही. पण आवाज राहतोच. आमच्याकडे कारखान्यात जिथे ८५ डेसिबलच्या वर आवाज असतो तिथे कानात प्लग घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. त्या आवाजात रोज आठ तास काढले तर कान कायमचे जाऊ शकतात. उघड्या गाडीत हायवेला कानाशी किती आवाज होत असेल, विचार करा. आणि आईला आधीच डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

"दाराच्या काचा वर घेतेस का?"

"घेते."

"मग बरं. आमच्या जुन्या जीपला काचाच नव्हत्या, पडदे होते बाजूचे, चेनवाले. ते लावले की निम्मा वारा गेला."

हे सांगायला हवं, कारण जाळी विकणारा ते सांगत नाही. उघड्या गाडीचा पहिला आणि फुकटचा आडोसा म्हणजे दाराच्या काचा. त्या खाली ठेवून मागे कितीही महाग जाळी लावली तरी बाजूने शिरलेला वारा आत घुमतच राहतो. आधी काचा वर घ्याव्यात, मग जे उरेल त्याचा विचार करावा.

उरतं मात्र बरंच, आणि ते मामांना पटवून देण्यासाठी भाचीने पुस्तकी आकृती काढली नाही. तिने त्यांनाच त्यांच्या जीपची आठवण करून दिली.

"मामा, तुमच्या जीपच्या मागच्या बाकावरची माणसं तळेघरला उतरायची तेव्हा कशी दिसायची?"

"पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. बायका पदर घेऊन बसायच्या तोंडावर."

"पुढच्या माणसांवर एवढी धूळ?"

"पुढच्यांवर कमी. रस्ता कच्चा होता, धूळ चाकांनी उडायची आणि मागून आत यायची."

"गाडी पुढे पळत होती ना? मग मागे राहिलेली धूळ आत कशी यायची?"

मामा थांबले. हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारला नसावा, किंवा त्याचं उत्तर त्यांना हाताने ठाऊक होतं, तोंडाने कधी सांगावं लागलं नव्हतं. मग ते सावकाश म्हणाले, "आत ओढली जायची. धुरासकट. म्हणून तर मी शिनोली सोडली की मागचा पडदा टाकायचो. लोक गुदमरतं म्हणायचे, पण धूळ थांबायची."

"तेच हे, मामा. पडद्याच्या जागी जाळी, आणि बाकाच्या मागे लावण्याऐवजी आपल्या सीटच्या मागे."

यानंतर वाद 'हवी की नको' यावरून 'कसली हवी' यावर आला. तसा तो येण्याआधी मामांनी डोळ्यांनी बघायची अट घातली, आणि ती मला फार आवडली. भाचीने लाल लोकरीचे वीतभर धागे कापले. एक चालकाच्या सीटच्या डोक्यामागे बांधला, एक शेजारच्या सीटला, एक दोन्ही सीटच्या मध्ये. टप उघडा, काचा वर, मी मागच्या सीटवर, आणि गाडी मंचरच्या दिशेने निघाली. गावातून बाहेर पडेपर्यंत धागे नुसते लोंबत होते. तीसला थोडे हलले. पन्नासच्या पुढे मधला धागा उठला आणि मागे उडण्याऐवजी गिअरच्या दांड्याकडे, पुढे, आडवा झाला. साठला सीटमागचे दोन्ही धागेही पुढे वळून चालकाच्या कानाच्या रेषेत फडफडू लागले. समोरून येणारा वारा मला मागे कपाळावर लागत होता आणि माझ्यापासून हातभर अंतरावरचा धागा मात्र काचेकडे तोंड करून उभा होता. मामा मान वळवून त्या धाग्याकडे बघत राहिले. "खरंच की," एवढंच म्हणाले.

परत आल्यावर त्यांनी स्वतःच शेतातून काळ्या शेडनेटचा तुकडा आणला, रोपांवर घालतात तोच, निम्मं ऊन अडवणारा. सीटमागच्या रोल-बारला तो ताणून सुतळीने पक्का बांधला. पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. या वेळी मधला धागा साठलाही जवळपास सरळ खाली लोंबत होता, मध्येच एखादा हेलकावा घेत होता. पुढे बसलेली दोघं साध्या आवाजात बोलत होती आणि मला मागे त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

आता बाजारात हा आडोसा दोन प्रकारचा मिळतो. एक चौकटीत ताणलेली जाळी, दुसरा पारदर्शक ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचा सलग पत्रा. भाचीचा कल आता पत्र्याकडे वळला होता. "आरपार दिसतं. आरशातून मागचं स्वच्छ. आणि सलग असल्यावर वारा पूर्ण थांबणार."

इथे शिकवायची पाळी मामांची होती. "नारायणगावकडे द्राक्षाच्या बागा बघितल्यास ना? वाऱ्याच्या बाजूला जुन्या साड्या नाहीतर शेडनेट बांधतात, शेवरी लावतात. भिंत कोणी बांधत नाही. का?"

"खर्च."

"खर्च आहेच, पण पैसेवालाही बांधत नाही. भिंतीवर वारा आपटला की वर उडी मारतो आणि पलीकडे जाऊन दुप्पट घुमतो. भिंतीच्या बुडाशी शांत, चार पावलांवर वेली झोडपून काढतो. जाळीतून वारा गाळून येतो. थोडा आत सोडायचा, म्हणजे बाकीचा शहाण्यासारखा वरून जातो."

शेतीशास्त्र हेच सांगतं. वाराप्रतिबंधक कुंपण निम्म्याच्या आसपास सच्छिद्र असेल तर त्याचा आडोसा लांबवर आणि शांत मिळतो. ठोस भिंतीमागे भोवरे उठतात. गाडीत पत्र्याने वारा थांबत नाही असं नाही, थांबतो. पण त्याच्या वरच्या कडेशी वारा फुटतो आणि तो घोंघाट नेमका कानाच्या उंचीवर होतो. शिवाय रात्री मागच्या गाडीचे दिवे पत्र्यात चमकतात, धुळीच्या फडक्याने पुसून त्यावर ओरखडे पडतात, आणि अपघातात तो तुटला तर त्याची कड माणसाच्या डोक्यामागेच असते. भाचीला शेवटचा मुद्दा लगेच पटला. तिने जाळी नक्की केली, आणि काळी. पांढऱ्या किंवा हिरव्या जाळीवर ऊन पडलं की ती उजळते आणि तिच्यातून पलीकडचं दिसत नाही. काळ्या जाळीतून आरशात मागचा रस्ता बराच नीट दिसतो. आमच्या शेडनेटच्या तुकड्याने हेही दाखवून दिलं होतं.

उंचीचा हिशेब सोपा आहे. वरची कड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या टोकाशी यावी. खांद्यापर्यंतची जाळी मानेचा वारा सोडून देते, फार उंच जाळी स्वतःच वाऱ्याला अडून फडफडते. खाली आणि दोन्ही बाजूंना फट राहता कामा नये, कारण वारा फटीतूनच येतो.

इथवर भाची जिंकत आली होती. मग मामांनी तो प्रश्न विचारला ज्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

"जाळी लावल्यावर मागे बसणार कोण?"

"मागे बसता येतं की. हे बसले होते ना."

"यांना विचार."

मी खरं ते सांगितलं. जाळी बांधल्यावर मागे वारा कमी झाला नव्हता, उलट जास्त बोचत होता, आणि पुढच्यांशी संबंध तुटल्यासारखा झाला होता. हा या वस्तूचा मूळ स्वभाव आहे. ती जन्मली दोन माणसांच्या गाडीसाठी. मर्सिडीजने १९८९ च्या एसएलला सीटमागे उभी करायची जाळी दिली, ती दोघांनी फिरायला जायची गाडी. चार सीटच्या उघड्या गाड्यांना ती लावतात तेव्हा बहुतेक वेळा मागची सीट तिच्याखाली जाते. मागच्यांचाही वारा कमी करायचा तर तो समोरच्या काचेच्या वरच्या कडेवरूनच उंच उडवावा लागतो. तशी सोय मर्सिडीजने २०१० च्या ई-क्लासच्या उघड्या गाडीत केली, काचेच्या माथ्यावर एक पट्टी आणि मागे एक जाळी. भाचीला हे सगळं माहीत होतं. मर्सिडीजचा कारखाना चाकणलाच आहे. पण तशी पट्टी आपल्या गाडीला बाहेरून आणून बसवायची हे तिलाही मान्य नव्हतं.

"घोडेगावहून गाडी निघाली आणि मागची सीट रिकामी, असं कधी झालंय?" मामा विचारत होते. "तू निघालीस की शिनोलीची मावशी बसते, दवाखान्यात जायचं असतं कोणाला तरी, बाजाराची पिशवी असते. पुढच्या दोघांनी आडोशाला बसायचं आणि मागच्या म्हाताऱ्या माणसाने वारा खायचा? मी जीप चालवली तेव्हा पुढच्याला आणि मागच्याला एकच भाडं होतं आणि एकच वारा."

मला वाटतं, सगळ्या वादात याच्याइतकं खरं वाक्य दुसरं नव्हतं. वस्तू निवडताना आपण वस्तू बघतो, तिच्यामागे बसणारं माणूस बघत नाही. परदेशातल्या दोन सीटच्या गाडीसाठी योग्य असलेली सोय घोडेगावच्या भरलेल्या गाडीत मागच्यांवर अन्याय करते.

भाची वाद घालायला उठली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, मग गुंडाळता येणारी घेते. चौकटवाली नको. चाकणहून मी एकटी नाहीतर आई आणि मी येतो, तेव्हा लावायची. गावात आलं की सोडायची, सीटखाली ठेवायची. मागे कोणी बसणार असेल तर जाळी नाही आणि ऐंशीही नाही."

"आणि थंडीत, पावसात?"

"तेव्हा सरळ टप लावायचा." हे बरोबरच आहे. पोखरीच्या घाटात पाऊस आडवा येतो, आणि वरून उघड्या गाडीत सीटमागची जाळी पावसाचं काहीही करू शकत नाही.

मामा आता उत्साहात आले. "मग माझ्या ओळखीचा वेल्डर आहे. रोल-बारला चार कान वेल्ड करून देईल. हुक अडकवले की जाळी ताणली. पाच मिनिटांचं काम."

"वेल्डिंग नाही." भाचीचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "तो बार गाडी उलटली तर आपलं डोकं वाचवायला आहे. त्याला वेल्डिंगची आच दिली, भोक पाडलं, की त्याच्या ताकदीचा भरवसा संपला. आणि कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. कंपनीने ठरवलेल्या रचनेत फेरफार करता येत नाही, असं २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय."

"आमच्या वेळी तर आख्खी बॉडी बदलायचो."

"तेव्हा चालून गेलं. आता मी चालू देणार नाही."

मामांनी ऐकलं. ज्या माणसाने गाडीवर पोट भरलं आहे त्याला लोखंडाचा भरवसा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. शेवटी ठरलं ते असं: काळी जाळी, कडेने जाड पट्टी शिवलेली, बारभोवती गुंडाळायचे रुंद वेलक्रोचे पट्टे, कुठेही भोक नाही, सीटबेल्टच्या वाटेत काही नाही. शिवून द्यायला हूड शिवणारा कारागीर पुरेसा आहे. जीपची हूडं शिवणाऱ्या माणसाला ताण कुठे द्यायचा आणि दुहेरी शिलाई कुठे मारायची हे सांगावं लागत नाही. तयार मिळणारीच घ्यायची असेल तर आपल्या गाडीच्या बारची रुंदी मोजून घ्यावी. दुसऱ्या गाडीची जाळी ताणून बसवली की कडेला फटी राहतात आणि पैसे फुकट जातात.

तुम्हीही अशी गाडी घेतली असेल किंवा घेणार असाल, तर दुकानात जाण्याआधी लोकरीचे तीन धागे सीटमागे बांधा, काचा वर घ्या, शेजारी कोणाला तरी बसवा आणि तुमच्या रोजच्या रस्त्यावर तुमच्या रोजच्या वेगाने जाऊन या. धाग्यांकडे शेजाऱ्याने बघायचं, चालवणाऱ्याने नाही. धागे पुढे वळले नाहीत तर जाळी घेऊ नका. वळले तर शेडनेटचा तुकडा बांधून पुन्हा बघा, आणि त्या फेरीत एकदा स्वतः मागच्या सीटवर बसा.